मिथिला : भिंतीवरची कला आणि स्त्रियांची उपजीविका

बिहारमध्ये गंगेच्या उत्तरेस, नेपाळच्या तराईला लागून, जो सपाट आणि तळ्यांनी भरलेला मुलूख पसरला आहे त्याचे प्राचीन नाव मिथिला. जनकराजा याच भूमीतला, अशी परंपरा सांगते. कमला, बागमती आणि कोसी या नद्या हिमालयातून उतरून या प्रदेशात पसरतात. त्यांच्या गाळाने शेत पिकते आणि त्यांच्याच पुराने उभे पीक वाहून जाते. मधुबनी हे या प्रदेशातील एक गाव. ते १९७२ साली जिल्ह्याचे ठिकाण झाले. तोपर्यंत त्याचा समावेश दरभंगा जिल्ह्यात होत असे. त्याच्या आसपासची जितवारपूर आणि रांटी ही दोन लहान खेडी आज देशोदेशींच्या संग्रहालयांना ठाऊक आहेत, ती तेथील स्त्रियांच्या चित्रांमुळे.

या चित्रांना 'मधुबनी चित्रे' हे नाव बाजाराने दिले. ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या काढली त्यांच्या लेखी ती चित्रेच नव्हती. मैथिल स्त्री कोहबर 'काढीत' नाही, ती कोहबर 'लिहिते'. मराठी वाचकाला हा शब्दप्रयोग विचित्र वाटू नये. डहाणू-तलासरीकडचे वारलीही लग्नाचा चौक लिहितात. कोहबर म्हणजे लग्नानंतर वधूवरांनी पहिल्या रात्री ज्या खोलीत घालवायच्या ती खोली, आणि त्या खोलीच्या भिंतीवरील चित्रालाही तेच नाव. मधोमध बांबूचे उभे बेट, त्याभोवती वर्तुळात उमललेली कमळाची पाने, त्यांच्या आसपास मासे, कासव, पोपटांची जोडी, सूर्य आणि चंद्र. खोलीच्या कोपऱ्यांत नैना-जोगिनीची आकृती; तिने वाईट दृष्टीपासून जोडप्याचे रक्षण करावयाचे. याखेरीज कुलदैवताच्या खोलीतील भिंती असत, आणि अंगणात तांदळाच्या ओल्या पिठाने बोटांनी काढलेले अरिपन असे. अरिपन म्हणजे आपल्या रांगोळीची मैथिल बहीण, फक्त कोरड्या पिठाऐवजी ओल्या पिठाची.

हे सारे शिकवले कसे जाई, हा प्रश्न आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. शाळा नव्हती, गुरू नव्हता, फी नव्हती. घरात लग्न ठरले की भिंत शेणामातीने सारवली जाई आणि नात्यातील किंवा शेजारची जी बाई हातात सफाई असलेली म्हणून प्रसिद्ध असे तिला बोलावणे जाई. ती मुख्य रेषा ओढी. बाकीच्या स्त्रिया रंग भरीत आणि गाणी म्हणत. सहासात वर्षांची मुलगी प्रथम रंगाची वाटी धरी, मग एखादे पान भरी, मग मासोळीचे खवले. काजळीपासून काळा, हळदीपासून पिवळा, करडईच्या किंवा पळसाच्या फुलांपासून तांबडा, निळीपासून निळा, पानांच्या रसापासून हिरवा. हे रंग डिंकात किंवा बकरीच्या दुधात कालवीत. कुंचला म्हणजे बांबूची काडी, टोकाला ठेचून मऊ केलेली किंवा कापूस गुंडाळलेली. मुलगी सासरी जाताना हे सगळे हातांत घेऊन जाई. लग्न आटोपल्यावर भिंत पुन्हा सारवली जाई, आणि चित्र नाहीसे होई. त्याबद्दल कोणाला खंत वाटत नसे.

बाहेरच्या जगाला ही चित्रे प्रथम दिसली ती एका आपत्तीमुळे. १५ जानेवारी १९३४ रोजी उत्तर बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. त्या वेळी मधुबनीस नेमणुकीवर असलेले ब्रिटिश सनदी अधिकारी विल्यम आर्चर नुकसानीची पाहणी करीत हिंडत असता, कोसळलेल्या भिंतींतून आतल्या खोल्या उघड्या पडलेल्या त्यांना दिसल्या. परक्या पुरुषाला जेथे कधीही प्रवेश नव्हता तेथील भिंती चित्रांनी भरलेल्या होत्या. आर्चर यांनी पुढील वर्षांत छायाचित्रे घेतली आणि १९४९ साली 'मार्ग' या मासिकात लेख लिहिला. अभ्यासकांनी तो वाचला. ज्यांच्या भिंतींविषयी तो होता त्यांच्या चुलीवर त्याचा काहीही परिणाम झाला नाही.

तो परिणाम व्हावयास दुसरी आपत्ती यावी लागली. १९६६ आणि १९६७ या लागोपाठच्या वर्षी बिहारवर दुष्काळ कोसळला. सरकारी मदतीचा मुख्य मार्ग म्हणजे मातीकाम: तळी खणणे, रस्ते बांधणे, खडी फोडणे. भूमिहीन मजूर स्त्रिया या कामावर गेल्या. परंतु ब्राह्मण आणि कायस्थ घरांतील गरीब स्त्रियांची स्थिती विचित्र होती. घरात धान्याचा कण नसला तरी पडदा होता. डोक्यावर पाटी घेऊन रस्त्यावर उभे राहणे रूढीने त्यांना मना होते, आणि घराबाहेर न पडता मिळेल असे काम नव्हते. या स्त्रिया जातीने वरच्या, परंतु स्वतःच्या नावावर जमीन नाही, हातात पैसा नाही, शिक्षण नाही, विधवा किंवा टाकलेली असेल तर दीराच्या दारात वर्षे काढायची, असे त्यांचे जिणे. 'वंचित' या शब्दाचा अर्थ केवळ जातीवरून ठरत नाही याचे हे एक उदाहरण होय.

अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी या वेळी मुंबईच्या भास्कर कुलकर्णी या तरुण चित्रकाराला मधुबनीस पाठवले. कुलकर्णी मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात काम करीत असत. त्यांच्याबरोबर हातकागदाचे गठ्ठे होते आणि कल्पना साधी होती: या स्त्रिया भिंतीवर जे लिहितात ते त्यांनी कागदावर लिहावे, मंडळाने ते विकत घ्यावे. कल्पना साधी असली तरी पहिल्या दिवसांत तिला प्रतिसाद फारसा मिळाला नाही. परका माणूस देवाची चित्रे विकत मागतो हेच अनेकींना पटेना. हळूहळू जितवारपूर आणि रांटी येथील काही स्त्रियांनी कागद हातात घेतला. जगदंबादेवी, सीतादेवी, महासुंदरीदेवी, बौआदेवी यांची नावे या पहिल्या काळातील होत. पुढे जगदंबादेवींना १९७५ साली आणि सीतादेवींना १९८१ साली पद्मश्री मिळाली. घराचा उंबरठा ओलांडण्यास ज्यांना मनाई होती त्या स्त्रिया दिल्लीला, जपानला, अमेरिकेला जाऊन भिंती रंगवून आल्या.

येथे थोडे थांबून एका गोष्टीकडे लक्ष द्यावयास हवे. हस्तकलांच्या द्वारे स्त्रियांना रोजगार देण्याच्या योजनांत प्रशिक्षणाला नेहमी पहिले स्थान दिले जाते. वर्ग काढावा, चार-सहा महिने विद्यावेतन द्यावे, शेवटी प्रमाणपत्र वाटावे. नंतर ती स्त्री घरी परतते, आणि तिच्याकडे कौशल्य असते. पण कच्चा माल, गिऱ्हाईक आणि भाव यांपैकी काहीही नसते. मिथिलेत क्रम उलटा होता. कौशल्य आधीच होते, आणि ते इतके पक्के होते की कुलकर्णींनी कोणाला रेषा शिकवली नाही. तसा प्रयत्न केला नाही हीच त्यांची मोठी समज म्हटली पाहिजे. तीन गोष्टी मात्र नव्या होत्या. पहिली कागद, म्हणजे भिंतीसारखी न सारवली जाणारी, टिकणारी आणि उचलून नेता येणारी पृष्ठभूमी. दुसरी, रोख मोबदला, तोही स्त्रीच्या हातात. तिसरी अशी की भिंत दहाजणींची असते, कागद एकीचा असतो. कोणती रेषा कोणाची हे प्रथमच वेगळे दिसू लागले. सीतादेवींची गडद रंगांनी भरलेली आकृती आणि कायस्थ घरांतील केसासारख्या बारीक रेषांची आकृती यांतला फरक गावात सर्वांना माहीत होता. आता तो खरेदीदारालाही कळू लागला. पहिल्या प्रकारास भरनी आणि दुसऱ्यास कचनी म्हणतात.

बारीक रेषेच्या चित्रकर्तींमध्ये गंगादेवींचे नाव सर्वांत आधी घ्यावे लागते. मूल नाही म्हणून नवऱ्याने दुसरे लग्न केले आणि त्या स्वतःच्याच घरात परक्या झाल्या. पुढे चित्रांनी त्यांना जगवले. त्यांनी जन्मापासून स्त्रीच्या आयुष्याचे टप्पे मांडणारी चित्रमालिका रचली. १९८५ साली भारत महोत्सवासाठी त्या अमेरिकेस गेल्या. परत आल्यावर त्यांनी तेथे पाहिलेले रोलर कोस्टर कोहबराच्याच रेषेत काढले. कर्करोग झाल्यावर रुग्णालयातील खाटा, परिचारिका आणि औषधपाणी यांचीही मालिका काढली. १९९१ साली त्या वारल्या. दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात त्यांनी अखेरच्या आजारात एक संपूर्ण कोहबरघर रंगवले होते. नूतनीकरणाच्या कामात ते नष्ट झाल्याचे २०१५ साली उघडकीस आले. गावातील भिंत सारवली जाते तेव्हा पुढच्या लग्नात दुसरी लिहिली जाते. या भिंतीच्या बाबतीत तसे होणार नव्हते.

गंगादेवींसारख्या स्त्रीला जे साधले ते बहुसंख्य चित्रकर्तींना साधले नाही, आणि याचे कारण त्यांच्या हातात नव्हते. १९७० नंतरच्या दशकात मागणी वाढताच व्यापारी गावोगाव येऊ लागले. व्यापाऱ्याला रामसीता, राधाकृष्ण, गणपती हवे असत. तेही तेच तेच, एका मापाचे, लवकर आणि स्वस्त. कागदाच्या आकारावर दर ठरे. ज्या चित्रास पंधरा दिवस लागले त्यास आणि जे दोन दिवसांत उरकले त्यास सारखाच भाव असेल तर कोणती शहाणी बाई पंधरा दिवस घालवील? काही घरांत नाव असलेली चित्रकर्ती बाह्यरेषा ओढी आणि शेजारच्या मुली रोजावर रंग भरीत. चित्रावर सही एकीची, रोज दुसरीचा. यात फसवणूक असतेच असे नाही, कारण भिंतीवरही काम असेच वाटलेले असे. परंतु भिंतीवर रंग भरणारी मुलगी उद्याची रेषा ओढणारी असे. कागदावर रोजाने रंग भरणारी ती होईलच याची शाश्वती नव्हती.

या परिस्थितीवर एक उपाय करून पाहण्यात आला, तो सांगण्याजोगा आहे. रेमंड ओवेन्स हे अमेरिकन मानवशास्त्रज्ञ १९७७ च्या सुमारास मधुबनीस आले. त्यांनी स्थानिक कलावंतांची सहकारी संघटना उभारण्यास मदत केली आणि १९८० साली काही सहकाऱ्यांसह अमेरिकेत 'एथ्निक आर्ट्स फाउंडेशन' स्थापन केले. त्यांची पद्धत अशी होती: चित्र विकत घेताना कलावंताला योग्य मोल द्यावयाचे, ते अमेरिकेत विकले गेले की त्यातील नफा पुन्हा मिथिलेत, चित्र काढणाऱ्यांकडे न्यावयाचा. म्हणजे एका चित्राचे पैसे दोनदा मिळत. दुसऱ्यांदा पैसे घेताना स्त्रियांना प्रथमच कळे की आपले चित्र तेथे कितीला गेले. माझ्या मते दुसऱ्या रकमेइतकेच, किंबहुना अधिकच, मोल या माहितीचे होते. कारण गावात बसून काम करणाऱ्या कारागिराला शेवटचा भाव कधीही सांगितला जात नाही, आणि तो ठाऊक नसेल तर पुढच्या वेळी काय मागावे हे त्याला ठरवता येत नाही.

आता ज्या स्त्रियांकडे अद्याप आपण वळलो नाही त्यांच्याकडे वळू. जितवारपुरात ब्राह्मण आणि कायस्थ वस्तीखेरीज दुसाधांची वस्ती होती. दुसाध ही पूर्वी अस्पृश्य मानलेली जात. गावाची राखण हे तिचे परंपरागत काम. वरच्या वस्तीतील बायका कागदावर रामायण लिहून पैसे मिळवू लागल्या हे दुसाध स्त्रियांना दिसत होते. दुष्काळ त्यांच्याही घरी होता, नव्हे त्यांच्याच घरी तो आधी आला होता. परंतु नक्षीदार कोहबर आणि देवादिकांची चित्रे हे वरच्या जातींचे धन मानले जाई. कागद मिळाला तरी त्यावर काय लिहावयाचे?

या प्रश्नाचे उत्तर दुसाध स्त्रियांनी आपल्या अंगावरच शोधले. १९७० नंतरच्या दशकात एरिका मोजर या जर्मन अभ्यासिका आणि चित्रपटकर्त्या तेथे काम करीत असता त्यांनी या स्त्रियांना कागद घेण्यास प्रोत्साहन दिले. चानोदेवी या दुसाध स्त्रीने अंगावरील गोंदणाच्या आकृती कागदावर उतरवल्या. बारीक ठिपके, समांतर रेषा, ओळीने उभी माणसे, झाडे, हत्ती, एकाभोवती एक वर्तुळे. गोंदण करणाऱ्या नटांच्या बायका गावोगाव हिंडत आणि प्रत्येक दुसाध स्त्रीच्या दंडावर व पोटरीवर हे चित्रभांडार असे. त्यावरून या शैलीस गोदना हे नाव पडले. विषयही त्यांचे स्वतःचे होते: राजा सलहेस, हा दुसाधांचा लोकदेव आणि वीर; त्याच्या कथा, त्याचे भाऊ, त्याचा हत्ती, त्याची फुलबाग. कागदाला शेणाच्या पातळ पाण्याचा हात देऊन त्याला मातीच्या भिंतीचा रंग आणण्याची युक्तीही दलित स्त्रियांचीच. तिच्याशी जमुनादेवींचे नाव जोडले जाते. पुढे ही युक्ती ब्राह्मण चित्रकर्तींनीही उचलली. सलहेसाच्या कथांची चित्रे काढणाऱ्या शांतीदेवी पासवान आणि त्यांचे पती शिवन पासवान यांना २०२४ साली पद्मश्री देण्यात आली.

ज्यांना कोणी शिकवले नाही त्यांनी आपले आपण शोधून काढले, असे म्हणून हा भाग येथे संपवता आला असता. पण रांटी गावातील दुलारीदेवींची हकीकत तशी नाही, आणि हस्तकलेचे शिक्षण म्हणजे काय याचा विचार करताना ती ओलांडून पुढे जाता येत नाही. दुलारीदेवी मल्लाह, म्हणजे मासेमारी करणाऱ्या जातीतल्या. लहानपणीच लग्न झाले. लहानगी मुलगी गेली. त्या माहेरी परतल्या. शाळेत त्या कधी गेल्या नव्हत्या. पोटासाठी त्यांनी गावातील महासुंदरीदेवी आणि कर्पूरीदेवी या जावांच्या घरी धुणेभांडी आणि झाडलोट धरली. दोघी नामांकित चित्रकर्त्या. घरात दिवसभर कागद पसरलेले, रंगांच्या वाट्या मांडलेल्या. मोलकरणीने त्यांना बाजूला सारून केर काढावयाचा आणि पुन्हा जागेवर ठेवावयाचे.

काम संपवून घरी गेल्यावर दुलारीदेवी ओल्या जमिनीवर काडीने रेषा ओढून पाहू लागल्या. पाहून पाहून जे डोळ्यांत साठले होते ते त्या जमिनीवर उतरवीत आणि पुसत. महासुंदरीदेवींच्या घरी सरकारतर्फे प्रशिक्षणवर्ग सुरू झाला तेव्हा त्यात त्यांना घेण्यात आले. कर्पूरीदेवींनी त्यांना हाताशी धरून शिकवले. पूर्वीच्या काळी घरची लेक ज्या क्रमाने शिके, त्याच क्रमाने ही मोलकरीण शिकली: आधी वाटी, मग रंग, मग रेषा. फरक एवढाच की ती लेक नव्हती आणि त्या घरच्या जातीचीही नव्हती. सरकारी वर्गाचा येथे खरा उपयोग झाला तो हा. रेषा तिला पाहूनही येत होती, पण त्या कागदाजवळ बसण्याचा तिला अधिकार आहे हे ठरवावयास कोणीतरी लागत होते.

दुलारीदेवींनी देवादिक काढलेच. पण त्यांच्या नावावर चित्रे ओळखली जातात ती निराळी: मासेमारीची जाळी, होड्या, शेतातील बायका, पूर, बाजार. चेन्नईच्या तारा बुक्स या प्रकाशनसंस्थेने त्यांच्या आयुष्याची चित्रकथा पुस्तकरूपाने काढली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १ फेब्रुवारी २०२५ रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी अर्थसंकल्प मांडताना त्यांनी रंगवलेली साडी नेसली होती, हे वाचकांच्या स्मरणात असेल.

भास्कर कुलकर्णींचा उल्लेख वर आला आहे, तेव्हा त्यांच्या दुसऱ्या कामगिरीविषयी दोन शब्द. मिथिलेनंतर, १९७० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी, ते ठाणे जिल्ह्यातील वारल्यांमध्ये गेले. तेथेही लग्नाचा चौक भिंतीवर लिहिण्याचा मान सवाष्णींचा होता. त्यांनी तेथेही कागद दिला. परंतु तेथे कागद प्रथम हातात घेऊन जगाला थक्क केले ते जिव्या सोमा म्हसे या पुरुषाने, आणि त्यानंतर वारली चित्रकला बाजारात बहुतांशी पुरुषांची झाली. म्हसे यांच्या प्रतिभेबद्दल शंका नाही. पण एकाच माणसाने, एकाच पद्धतीने नेलेला कागद एका ठिकाणी स्त्रियांच्या हाती राहिला आणि दुसऱ्या ठिकाणी राहिला नाही. मिथिलेत हे काम देवळाबाहेरचे, घरातले आणि बायकी म्हणून पुरुषांनी सुरुवातीस हलके मानले. त्या हलकेपणाचा स्त्रियांना फायदाच झाला असे दिसते. पैसा दिसू लागल्यावर मिथिलेतील पुरुषही चित्रे काढू लागले, पण तोवर स्त्रियांची नावे पक्की झाली होती.

कौशल्य हातात आयते असते तेव्हाची ही हकीकत झाली. ते पुसट झालेले असेल तर काय करावे, याचे उदाहरण मिथिलेलगतच्या मुझफ्फरपूर जिल्ह्यात मिळते. तेथे बाळंतपणाच्या वेळी जुन्या साड्यांचे थर एकावर एक ठेवून, धावदोऱ्याने शिवून दुपटे करण्याची चाल होती. त्याला सुजनी म्हणतात. नव्या जिवाला जुन्या कापडाची ऊब द्यावी हा त्यामागचा भाव. १९८८ साली 'अदिती' या पाटण्याच्या संस्थेने भुसुरा गावात या शिवणकामाला चालना दिली. येथे शिकवणे भाग होते. घरच्या दुपट्यास टाका थोडा वाकडा गेला तरी बाळाची तक्रार नसते. विकावयाच्या कापडावर तो चालत नाही. बाह्यरेषेला साखळी टाका, आत बारीक धावदोरा, रंगसंगती, मोजमाप, धुतल्यावर रंग न जाणारा दोरा, हे सारे बायकांना बसून शिकावे लागले. पण शिकता शिकता त्या बोलूही लागल्या, आणि जे बोलल्या ते कापडावर आले. हुंड्यासाठी जाळलेली सून, मुलगी झाली म्हणून पडलेले चेहरे, दारू पिऊन आलेला नवरा, ग्रामपंचायतीत खुर्चीवर बसलेली बाई. काही खरेदीदारांना हे विषय दिवाणखान्यात नको होते. काहींना तेच हवे होते. भुसुऱ्याच्या निर्मलादेवींना या कामासाठी २०२५ साली पद्मश्री मिळाली. सुजनीच्या मिळकतीने घरे चालली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. शेतीच्या हंगामात बायका शेतावरच जातात. पण मुलाची फी आणि डॉक्टरचे पैसे कोणापुढे हात न पसरता देता येतात, हे त्या स्त्रियांच्या दृष्टीने लहान नव्हे.

मिथिलेकडे परत येऊ. ओवेन्स २००० साली निवर्तले. त्यांच्या संस्थेने २००३ साली मधुबनीत मिथिला आर्ट इन्स्टिट्यूट ही विनामूल्य शाळा काढली. प्रवेश चित्रपरीक्षेवर, जात विचारावयाची नाही, मुलींची संख्या अधिक. ज्या कलेला कधी शाळा नव्हती तिला शाळा लागली याबद्दल जुन्या पिढीतील काहींनी नाके मुरडली. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. पण घराघरांतून आता लग्नाच्या भिंतीवर रेडिमेड चित्र चिकटवले जाते, आणि मुली तालुक्याच्या महाविद्यालयात जातात. वाटी धरून बसणारी सहा वर्षांची मुलगी पूर्वीइतकी सहज सापडत नाही. शाळेमुळे एक गोष्ट झाली. ब्राह्मण, कायस्थ, दुसाध या मुली एका चटईवर बसल्या आणि भरनी, कचनी, गोदना यांच्यातील भिंती पातळ झाल्या.

२००७ साली मधुबनी चित्रांना भौगोलिक निर्देशाचे संरक्षण मिळाले. याचा अर्थ असा की इतर प्रदेशातील मालाला हे नाव लावता येत नाही. प्रत्यक्षात मोठ्या शहरांच्या दुकानांत यंत्रावर छापलेल्या 'मधुबनी' साड्या, पर्सा, चादरी उघड विकल्या जातात, आणि हाताने रंगवलेल्या साडीची किंमत ऐकून गिऱ्हाईक छापील साडीकडे वळते. कायदा नावाचे रक्षण करतो. मजुरीचा दर ठरवणे त्याच्या कक्षेत येत नाही. कोर्टात जाऊन नक्कल थांबवणे हे काम जितवारपूरच्या बाईने करावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही, आणि तिच्या वतीने ते करणारी यंत्रणाही फारशी जागरूक दिसत नाही.

२०१७ च्या ऑक्टोबरात मधुबनी रेल्वेस्थानकाच्या भिंती स्थानिक कलावंतांनी रंगवल्या. दोनशेवर लोक, त्यांत स्त्रियाच अधिक, आठवडाभर राबले आणि सात हजार चौरस फुटांहून अधिक भिंत भरली. स्थानक इतके देखणे झाले की पुढील वर्षी देशातील सुंदर स्थानकांच्या स्पर्धेत त्याला दुसरे पारितोषिक मिळाले. हे सर्व काम श्रमदान म्हणून झाले. गाडीची वाट पाहणारे प्रवासी त्या भिंतींपुढे उभे राहून छायाचित्रे काढतात. स्थानकाला सिमेंट, रंग, मजूर लागले असते तर त्यांचे देयक निघाले असते. रेषेचे देयक निघाले नाही, आणि अनेक स्त्रियांनी ते मागितलेही नाही. आपल्या गावाचे नाव होते याचा त्यांना आनंद होता. हा आनंद खोटा होता असे कोणी म्हणू नये. मात्र त्यांतील कित्येकींना त्या आठवड्यात रोजावरचे काम सोडून यावे लागले असणार, हेही विसरता येत नाही.

सुरुवातीच्या कागदांवर सह्या नसत. बऱ्याचजणींना लिहिता येत नसे आणि भिंतीवर सही करण्याची चाल नव्हती. सही हवी असा आग्रह खरेदीदारांचा. सहीच्या चित्रास भाव अधिक येतो हे व्यापाऱ्यांना आधी कळले, चित्रकर्तींना नंतर. काहींच्या नवऱ्यांनी आणि मुलांनी त्यांची नावे कोपऱ्यात लिहिली. दुलारीदेवी आपले नाव आणि गावाचे नाव एवढेच लिहावयास शिकल्या. बाकीची अक्षरे त्यांना येत नाहीत. चित्र पुरे झाले की त्या उजव्या हातात तोच कुंचला धरून खाली लिहितात: दुलारीदेवी, रांटी.